मदत हवी आहे : कोकणाखालच्या मोहोची खोली

मंडळी, कोकण किनाऱ्याखाली कवच संपून प्रावरण कुठे सुरू होतं (या सीमेलाच मोहो म्हणतात), हे एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी रिसीव्हर फंक्शनने, म्हणजे भूकंपाच्या नोंदीतून केंद्राखालच्या थरांच्या खुणा वेगळ्या काढायच्या पद्धतीने, काढतेय. 1970च्या दशकात एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) गुहागर–चोरोची आणि केळशी–लोणी या रेषांवर स्फोट घडवून ते मोजलं होतं. स्फोट कुठून आणू? दूरच्या भूकंपांवरच भागवायचंय.

या सीमेवर भूकंपाच्या पी (दाब) लहरीचा काही भाग एस (कातर) लहर होऊन चार-पाच सेकंद उशिरा पोचतो, इथवर ठीक. पण पी-एस वेगांचं गुणोत्तर 1.73 ऐवजी 1.80 धरलं की खोली तीनेक किलोमीटरने कमी येते. एच-के स्टॅकिंगने (अनेक नोंदी एकत्र रचून खोली आणि हे गुणोत्तर दोन्ही एकदम काढायची रीत) हा घोळ सुटावा, तर त्याला लागणाऱ्या, नंतर पोचणाऱ्या परावर्तित लहरी पावसाळी नोंदींत समुद्राच्या गाजेत पार बुडाल्यात.

नुसते हिवाळ्यातले भूकंप घेतले तर चालेल का? फिल्टर किती हर्ट्झचा लावता? आणि सीमा सह्याद्रीकडे कलती असेल, तर पूर्वेचे (इंडोनेशिया, जपान) आणि पश्चिमेचे भूकंप वेगळे स्टॅक करावेत का? पश्चिमेचे माझ्याकडे जेमतेम आहेत.

बेसाल्टच्या प्रदेशात कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा. गाईड म्हणतात, "बघ करून."