कॉम्प्लेक्स ३ मधलं रिस्के प्रथिनाचं डोकं खरंच फिरतं का?

जुळे_सोलापूर: एमएस्सीच्या सेमिनारसाठी विचारतोय. कॉम्प्लेक्स ३ म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीतलं एन्झाइम. युबिक्विनॉलचा (इलेक्ट्रॉन देणारा छोटा रेणू) इलेक्ट्रॉन त्याच एन्झाइमच्या सायटोक्रोम सी१ या भागापर्यंत नेण्यासाठी प्रथिन हलावंच का लागतं? इलेक्ट्रॉनची नुसती उडी का पुरत नाही?

होटगी_रोड: अंतर बघ. डोकं (प्रथिनाचा लोह-गंधक केंद्र असलेला हलता भाग) एन्झाइमच्या सायटोक्रोम बी या भागाजवळ असताना त्या केंद्रापासून सी१ चा हीम (लोह असलेला गट) सुमारे ३१ अँगस्ट्रॉम लांब असतो. एन्झाइमच्या वेगाला पुरेल अशी उडी १४ अँगस्ट्रॉमपर्यंतच. म्हणून डोकं जवळपास ६० अंशांनी वळतं. १९९८ च्या स्फटिकरचनांत दोन्ही जागा दिसल्या. स्टिग्माटेलिन हा रोधक दिला की डोकं बी पाशी अडकून बसतं.

आणि ही हालचाल निव्वळ वाहतूक नाही. क्विनॉलचे दोन इलेक्ट्रॉन दोन वाटांनी जातात. पहिला घेऊन डोकं निघून गेलं, की दुसऱ्याला हीम बीएल (सायटोक्रोम बी मधला हीम) हीच वाट उरते. मला यातलं सर्वात सुंदर हेच वाटतं.

विजापूर_वेस: पुरावा हवा तर मानेचा (डोक्याला जोडणारा लवचीक भाग) प्रयोग सांग: तिथे दोन सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) घालून त्यांच्यात डायसल्फाइड बंध बांधला की क्रिया घटते, मर्कॅप्टोइथेनॉलने तो तोडला की परत येते.

जुळे_सोलापूर: आभार! प्रात्यक्षिकात ५५० नॅनोमीटरवर सायटोक्रोम सी मोजताना अँटिमायसिन (कॉम्प्लेक्स ३ चा रोधक) घालूनही शोषणाची रेष चढतेच, ती का?

होटगी_रोड: डेसिलयुबिक्विनॉल (प्रयोगात वापरायचं युबिक्विनॉलचं रूप) एन्झाइमशिवायही सायटोक्रोम सी ला क्षपित करतं, म्हणजे इलेक्ट्रॉन देतं, पीएच आणि तापमान वाढलं की जास्तच. आपल्याकडे मे महिन्यात तर क्युवेट होल्डर २५ अंशांवर ठेवच. पीएच ७.४, सायनाइड १ मिलिमोलर (आम्लापासून दूर, विषारी वायू सुटतो!), आणि अँटिमायसिन घातल्यावरचा वेग मूळ वेगातून वजा कर.