पुण्यात बनलेली लस आधी कुणाची?

मुठाकाठ:
२४ फेब्रुवारी २०२१ ला घानात, आक्राच्या विमानतळावर कोविड लशीचे सहा लाख डोस उतरले. गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून उभारलेल्या 'कोव्हॅक्स' योजनेची ती पहिली खेप, आणि ती तयार झाली होती आपल्या पुण्यात, सीरममध्ये. महिन्याभरात आपल्याकडे दुसरी लाट उसळली, निर्यात जवळपास बंद झाली आणि कोव्हॅक्सला भारतातून पुन्हा लस मिळायला नोव्हेंबर उजाडला. त्या आठ महिन्यांत आफ्रिकेतल्या कितीतरी नर्स लशीविना कोविड वॉर्डात राबत होत्या.

पुढची साथ कधीतरी येणारच, म्हणून हा प्रश्न आताच काढतेय. आपल्या माणसांना आधी, हे मला मान्य आहे. पण कुठवर? १ मेपासून आपण अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली केली. त्याच महिन्यात अमेरिकेत बारा वर्षांच्या मुलांना मिळू लागली. माझ्या पंचविशीतल्या धडधाकट भाच्याला पहिला डोस मिळाला तेव्हा मला आनंदच झाला. पण तो मलावीतल्या एखाद्या नर्सच्या आधी त्याला का, याचं उत्तर 'तो भारतीय आहे' एवढंच असेल तर ते मला पुरत नाही. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स म्हणतो, नियम ठरवताना आपण कुणाच्या पोटी जन्मणार हे माहीत नाही असं धरा. पुण्यात की मलावीची राजधानी लिलाँग्वेत, ठाऊक नाही. मी तरी हाच नियम निवडेन: आधी आपल्याकडचे धोक्यातले, मग जगातले धोक्यातले, मग आपले बाकीचे.

दवंडी:
रॉल्सचं नाव घेताय तर पूर्ण घ्या. आपण कुठे जन्मणार हे माहीत नाही असं धरायचं, याला तो 'अज्ञानाचा पडदा' म्हणतो, आणि तो त्याने एका समाजाच्या आतल्या न्यायासाठी धरला होता. १९९९ मध्ये देशादेशांबद्दल लिहिताना त्याने तो जगातल्या प्रत्येक माणसाला लावला नाही. अडचणीतल्या समाजांना मदत करण्याचं कर्तव्य तेवढं मान्य केलं.

आता पुस्तक बाजूला ठेवतो. माझे वडील त्रेसष्ट वर्षांचे होते. आक्राला विमान उतरलं त्या दिवशी त्यांना लस घेण्याची परवानगीच नव्हती, साठीपुढच्यांचं लसीकरण १ मार्चला सुरू झालं. मार्चमध्ये त्यांना सर्दी-खोकला होता म्हणून आम्ही थांबलो. एप्रिलमध्ये तीन दिवस पहाटे साडेपाचला टोकनच्या रांगेत उभे राहिलो. तिसऱ्या दिवशी आमच्यापुढे सहाच माणसं उरली होती, तेवढ्यात सिस्टरने बाहेर येऊन दारावर कागद चिकटवला, 'लस संपली'. पुढच्या आठवड्यात त्यांना ताप आला. ते गेले. हे सरकार त्यांच्या मतावर आणि त्यांनी भरलेल्या करावर उभं होतं. त्याची पहिली बांधिलकी कुणाशी, यावर मला तरी वाद घालावासा वाटत नाही.

रानजाई:
दवंडी, वाचून गलबललं. तरीही एक सांगते, कारण मी तेव्हा एका लसीकरण केंद्रावर होते. कोव्हिशील्डच्या एका वायलमध्ये, म्हणजे कुपीत, दहा डोस, उघडली की चार तासांत संपवायची. फेब्रुवारीत आठ जण येऊन बसायचे आणि आणखी दोघं येईपर्यंत वायल हातात धरून मी दाराकडे बघत राहायचे. तेव्हा साठा होता, माणसं येत नव्हती. एप्रिलमध्ये त्याच दाराबाहेर तीनशे माणसं आणि आत पन्नास डोस. फेब्रुवारीत बाहेर गेलेल्या लशीमुळेच तुमची रांग अडली, असं मला म्हणवत नाही.

दवंडी:
फ्रिजमध्ये ठेवली असती तर एप्रिलमध्ये कामाला आली असती ना.

गोदातीर:
आम्ही पैठणकडचे, त्यामुळे मला जायकवाडीच आठवलं. १५ ऑक्टोबरला धरणात ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली सोडावं लागतं. वरचे शेतकरी दरवेळी विरोध करतात, आणि मी त्यांना दोष देत नाही, त्यांचीही पिकं पाण्यावाचून उभी असतात. पण नियम दुष्काळाच्या आधी ठरलेला आहे. तहान लागल्यावर ठरवायला बसलो असतो तर ज्याच्या हातात दरवाजे त्याचंच पाणी झालं असतं. २०२१ मध्ये लशीचं नेमकं तेच झालं.

दवंडी:
उदाहरण चांगलं आहे, पण माझ्या बाजूचं आहे. नाशिक आणि पैठण दोघांच्या वर पाणीवाटपाचा २००५ चा कायदा आहे, प्राधिकरण आहे, हायकोर्ट आहे. भारत आणि मलावीच्या वर कोण आहे? तत्त्वज्ञ थॉमस नेगलचा मुद्दा हाच होता: सगळ्यांना बांधणारी एक सत्ता नसेल तिथे माणुसकी मागता येते, न्याय मागता येत नाही. कॅनडाने लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस बुक करून ठेवले, त्याला कुणी अडवलं? पेटंटची अट शिथिल करा, म्हणजे जो तो आपली लस बनवेल, असं भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये मागितलं. जागतिक व्यापार संघटनेने जून २०२२ मध्ये काहीतरी अर्धमुर्धं दिलं, तोवर लाट ओसरली होती. अशा जगात आपण एकट्यानेच नियम पाळायचा, तर किंमत रांगेतल्या माणसाने मोजायची.

मुठाकाठ:
एकट्याने पाळायचा नाही, हे पटलं. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये ती बाजू राहिली होती. पण वरची सत्ता आधी आणि न्याय नंतर, हा क्रम मला मान्य नाही. मराठवाड्याने आधी हक्क सांगितला, कायदा त्यानंतर आला.

आणि काहीच नाही असंही नाही. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत साथींबद्दलचा करार मंजूर झाला. त्यानुसार महासाथीत सहभागी कंपन्यांनी उत्पादनाच्या वीस टक्क्यांपर्यंत लस संघटनेला द्यायची, त्यात उत्पादनाच्या किमान दहा टक्के फुकट, बाकी परवडणाऱ्या दरात. अमेरिका त्यात नाही, आणि वाटपाचं परिशिष्ट तेव्हा मागेच ठेवलं गेलं. दवंडी, मला तुम्हालाच विचारायचंय, कारण तुम्ही त्या रांगेत होता. वीस टक्के तुम्हाला चालतील?

दवंडी:
दोन दिवस विचार केला. सगळ्यांनी लिहून दिलं, आणि साथ यायच्या आधी दिलं, तर चालतील. पण मग उरलेल्या ऐंशीमध्ये साठीपुढच्यांना पहिल्या दिवसापासून लस हवी, १ मार्चपर्यंत थांबायला लावायचं नाही. हेही त्याच कागदावर लिहा.