कथेतले संवाद आणि रंगमंचावरचे संवाद

ज्याचे संवाद चांगले, त्या कथाकाराला नाटक आपोआप जमते, हे मत मला अर्धेच पटते. कथेत ‘तो गप्प राहिला’ एवढे लिहून लेखक मोकळा होतो. रंगमंचावर ते गप्प राहणे नटाला निभवावे लागते, आणि लेखकाने जिवापाड जपलेले वाक्य नटाने नुसती मान वळवताच अनावश्यक ठरल्याचे तालमीत अनेकदा दिसते. रशियन लेखक चेखॉव्ह कथाकार म्हणून नावाजलेलाच होता, तरी त्याचे ‘द सीगल’ हे नाटक १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला सपशेल पडले. १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने कसून तालमी घेऊन केले, तेव्हा मात्र ते गाजले. एकहाती कारभाराची सवय झालेल्या आम्हा कथाकारांना हे परावलंबन (खरे सांगायचे तर) झोंबते. निदान पहिला खर्डा दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. अडखळण्याच्या जागा लगेच कळतात.