मदत हवी आहे: ओल येणाऱ्या तळमजल्यावर लाकडी फ्लोअरिंगखाली कोणता थर घालावा?

पुण्यातील आमच्या तळमजल्यावरच्या सदनिकेतील एका खोलीत जुन्या टाइल्स न उखडता त्यांवर 14 मिलिमीटर जाडीच्या, सागाचा वरचा थर असलेल्या इंजिनीअर्ड फळ्या न चिकटवता, एकमेकींत अडकवून बसवायच्या आहेत. जुलैमध्ये टाइल्सच्या सांध्यांवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून दोन दिवस ठेवला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते. म्हणजे ओल खालूनच येते आहे.

जमिनीचा उंचसखलपणा लांब पट्टी फिरवून तपासला आहे, तो 2 मिलिमीटरच्या आत आहे. दाराखाली 18 मिलिमीटरच जागा आहे आणि जुने सागवानी दार तासायची माझी मुळीच इच्छा नाही, त्यामुळे खालचा थर 3 मिलिमीटरहून जाड चालणार नाही. दुकानदार साधा पांढरा फोम पुरेसा असल्याचे सांगतात, परंतु नमुन्याचा तुकडा अंगठ्याने दाबला तो दबलेलाच राहिला. खाली कोणी राहत नसल्याने आवाजाचा प्रश्न गौण आहे.

200 मायक्रॉनचा पॉलिथिन कागद, त्याच्या कडा एकमेकींवर चढवून टेपने बंद करून अंथरला आणि त्यावर 2 मिलिमीटरचे कॉर्क घातले, तर पावसाळ्यातील ओल खरोखर अडेल का, की अशा जमिनीवर आधी इपॉक्सीचा ओलरोधक लेप देणे आवश्यकच आहे?