मदत हवी आहे : यु-नेटचा मास्क पूर्ण काळा येतोय

अडकलोय_इंदूर : सीटी स्कॅनवर यकृत आणि त्यातली गाठ वेगळी काढायची आहे. यु-नेट (चित्राचे भाग वेगळे करणारं न्यूरल नेटवर्क) चालवलं, ॲक्युरसी ९८ टक्के, पण मास्क (कोणता पिक्सेल कशाचा ते सांगणारं चित्र) उघडला की नुसता काळा. सोमवारी गाइडना दाखवायचंय. लवकर सांगा.

रामबागकर : डेटा कुठला? लॉस, म्हणजे शिकवताना चूक मोजायचं सूत्र, कोणतं? ॲक्युरसी सोडा. बहुतेक पिक्सेल बॅकग्राउंडचेच असतात, सगळीकडे शून्य लिहिलं तरी आकडा तगडा येतो. डाइस, म्हणजे तुमचा मास्क खऱ्या मास्कशी किती जुळतो तो आकडा, सांगा, यकृताचा वेगळा, गाठीचा वेगळा.

नवा_भिडू : छातीच्या एक्स-रेवर न्युमोनियासाठी रेसनेट-५० हे वर्गीकरणाचं नेटवर्क घ्या, मस्त चालतं.

रामबागकर : भिया, त्यांना कड आखायची आहे, हो-नाही नकोय.

अडकलोय_इंदूर : डेटा लिट्स, यकृताच्या गाठींचा खुला संच, १३१ सीटी. लॉस क्रॉस एन्ट्रॉपी. स्लाइस (सीटीचे काप) २५६ पिक्सेलवर रिसाइझ. बाकी नेहमीचं.

सीटीवाली : 'नेहमीचं' म्हणजे? हाउन्सफील्ड, म्हणजे सीटीचं घनतेचं माप, कापलंत का? पाणी ०, हवा -१०००, हाड हजारापर्यंत. सगळी रेंज ० ते १ मध्ये कोंबली की यकृत आणि गाठ यांतला थोडासा फरक पुसला जातो. -१६० ते २४० वर क्लिप करा, मग नॉर्मलाइझ. मास्क रिसाइझ करताना नियरेस्ट नेबरच, म्हणजे जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा. बायलिनिअर सरासरी काढतं, त्याने १ (यकृत) आणि २ (गाठ) च्या मध्ये १.६ तयार होतो, इंटिजर केला की १. लहान गाठी अशाच गायब होतात. आणि ०, १, २ आठ बिटांच्या पीएनजीत डोळ्यांना काळेच दिसणार. आधी मॉडेलच्या मास्कवर एनपी.युनिक चालवून त्यात कोणते आकडे आहेत ते बघा, १२७ ने गुणून सेव्ह करा.

पॅचवाला : हाताने कशाला करता हे? एनएनयु-नेट (स्वतःच सेटिंग ठरवणारं यु-नेट) लावा, स्पेसिंग, पॅच साइझ सगळं तेच ठरवतं.

सीटीवाली : डिफॉल्ट १००० इपॉक (शिकवण्याच्या फेऱ्या), पाच फोल्ड (डेटाच्या पाच वाटण्या). कोणत्या सोमवारपर्यंत?

पॅचवाला : १०० इपॉकचा ट्रेनर त्यातच आहे. एकच फोल्ड चालवायचा. वाचत कोणी नाही.

नवा_भिडू : हे सगळं चालवायला इंदूरच्या जेल रोडवर जुनं ३०६० ग्राफिक्स कार्ड, १२ जीबीवालं मिळेल का?

पॅचवाला : मिळेल. पण फुल लोडवर अर्धा तास चालवून दाखवायला सांगा, नुसता पंखा फिरताना बघून पैसे देऊ नका.

अडकलोय_इंदूर : युनिकमध्ये ० आणि १. २ नाहीच.

रामबागकर : म्हणजे यकृत सापडतंय, दिसत नव्हतं इतकंच. खरी अडचण गाठीची. क्रॉस एन्ट्रॉपीत डाइस लॉस मिळवा, डाइसमधून बॅकग्राउंड वगळा. बॅचमध्ये (एका वेळी दिलेल्या गठ्ठ्यात) निदान एक तृतीयांश स्लाइस गाठीच्या ठेवा. आणि ट्रेन-व्हॅलिडेशन, म्हणजे शिकवायचा आणि तपासायचा डेटा, पेशंटवार तोडा. शेजारच्या दोन स्लाइस जवळपास सारख्याच असतात, इकडे एक तिकडे एक गेली की डाइस फुगतो.

अडकलोय_इंदूर : पेशंटवार कसं? फाइलींना सलग नंबर दिलेत.

सीटीवाली : मग निफ्टीतून (सीटीच्या मूळ फाइलींतून) स्लाइस पुन्हा काढा. नावात आधी व्हॉल्यूमचा, म्हणजे अख्ख्या सीटीचा, नंबर, मग स्लाइसचा. आणि आधी गाठीचे मास्क मोजा, रिसाइझनंतर किती उरलेत ते.