‘आतड्यातील जंतू’ की ‘जीवाणू’? आणि कर्करोगाचा ‘विकास’ म्हणावे का?

विचारणा

कोथरूडमधील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी दोन पानांचे माहितीपत्रक मराठीत तयार करीत आहे. इंग्रजी मजकुरातील पहिल्या वाक्याचे मी केलेले भाषांतर असे होते : ‘आतड्यातील जंतू मोठ्या आतड्याच्या व मलाशयाच्या कर्करोगाच्या विकासात महत्त्वाची भूमिका बजावतात.’ संघातील एका आजींनी ते वाचून विचारले, की मग दर सहा महिन्यांनी जंतांचे औषध घेतले तर हा रोग टळेल का? त्यांचे काहीच चुकले नव्हते. माझ्या शब्दांनीच त्यांना त्या वाटेला लावले होते. या वाक्यातील ‘जंतू’, ‘विकास’ आणि ‘भूमिका’ या तीन शब्दांविषयी आपले मत हवे आहे.

प्रतिसाद

‘पोटातले जंतू’ म्हटले की आपल्याकडे जंत आठवतात, आणि जंत म्हणजे डोळ्यांना दिसणारे कृमी. शिवाय ‘जंतू’ या शब्दाला रोगाचा वास आहे. जखमेत जंतू होतात, जंतुनाशकाने फरशी पुसतात. मोठ्या आतड्यातील बहुसंख्य रहिवाशांवर हा शब्द अन्याय करतो. भाकरी आणि पालेभाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो त्यांतले काही आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळवतात. म्हणून ‘जीवाणू’ लिहावे. (‘जिवाणू’ असेही छापले जाते; समास तत्सम असल्याने मी पहिला ‘जी’ दीर्घ ठेवतो.) ‘विषाणू’ मात्र चुकूनही नको. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेमुळे तो शब्द घरोघरी पोहोचला असला, तरी तो वेगळ्या सृष्टीचा आहे.

‘विकास’ हा शब्द मराठीत शुभ आहे. शहराचा विकास होतो, बालकाचा होतो. रोग मात्र उद्भवतो, वाढतो, बळावतो. येथे दोन क्रियापदे वेगळी ठेवणे आवश्यकही आहे, कारण अस्तरावर उगवलेल्या साध्या गाठीचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि एखादा जीवाणू आरंभाला जबाबदार असेल, तर दुसरा आधीच असलेल्या गाठीला बळ देत असेल.

खरी अडचण ‘भूमिका’ या शब्दात आहे, कारण तो काहीच सांगत नाही. मराठीत ‘मुळे’ हे एक शब्दयोगी अव्यय आहे आणि ते जपून वापरावे लागते. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले; त्या ठिकाणी ‘या जीवाणूमुळे जठराचा कर्करोग होऊ शकतो’ असे निःशंक लिहिता येते. मोठ्या आतड्याच्या बाबतीत पुराव्याची प्रत जीवाणूगणिक बदलते. स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस रक्तात सापडला तर डॉक्टर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करण्यास सांगतात, कारण तेथे गाठ असण्याची शक्यता वाढलेली असते. येथे नेमका शब्द ‘खूण’. फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा एरवी तोंडात, दातांवरच्या किटणात राहणारा जीवाणू (लॅटिन ‘फ्युसस’ म्हणजे चाती, आणि तो चातीसारखाच दोन्ही टोकांना निमुळता असतो). २०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांना तो मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये विपुल आढळला. तो पेशींना चिकटून त्यांच्या वाढीचे संकेत चेतवतो आणि प्रतिकारक पेशींना रोखतो, असे प्रयोगांत दिसले आहे. त्याच्यासाठी ‘हातभार लावतो’ हे मला योग्य वाटते. ई. कोलाय या जीवाणूच्या काही प्रकारांकडे कोलिबॅक्टिन नावाचे विष असते आणि ते पेशीतील डीएनएला थेट इजा करते. त्या इजेचा ओळखता येण्याजोगा ठसा २०२० मध्ये निश्चित झाला. २०२५ मध्ये ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठी तपासल्या असता, चाळिशीच्या आत निदान झालेल्यांत हा ठसा सत्तरीनंतर निदान झालेल्यांच्या ३.३ पट आढळला. इथे ‘कारणीभूत ठरत असावा’ इतपत जाता येते. ‘असावा’ मात्र गाळू नये.

प्रतिसाद

वरील विवेचन मान्य आहे. माझी सूचना एवढीच, की आतड्यातील पॉलिपला कृपया ‘मोड’ लिहू नका. आपल्याकडे मोड मूळव्याधीचे असतात, आणि शौचावाटे रक्त गेले की ते मोडांचेच असणार असे धरून माणसे महिनोन्महिने घरगुती उपाय करीत राहतात. माझ्या नात्यातील एका व्यक्तीचे निदान याच समजुतीपायी लांबले, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे. ‘पॉलिप’ हाच शब्द ठेवावा आणि प्रथम येईल तेथे ‘आतड्याच्या अस्तरावर उगवलेली गाठ’ असे समजावून द्यावे.

मूळ विचारणाकर्त्याकडून

आपणा दोघांचाही आभारी आहे. वाक्य आता असे केले आहे : ‘मोठ्या आतड्यात असंख्य जीवाणूंची वस्ती असते. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी किंवा उपकारक असतात. मात्र काही मोजके जीवाणू मोठ्या आतड्याचा व मलाशयाचा कर्करोग उद्भवण्यास किंवा बळावण्यास हातभार लावत असावेत, असे संशोधनातून दिसते.’ त्याखाली, जंतांच्या औषधाचा या जीवाणूंशी संबंध नाही, ही ओळ आजींसाठी मुद्दाम जोडली आहे. दुसऱ्या पानावर ‘मोड’ हा शब्द तीनदा आला होता. तिन्ही ठिकाणी ‘पॉलिप’ केले, आणि शौचावाटे रक्त गेल्यास मूळव्याध गृहीत न धरता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, हे वाक्य पहिल्या पानावर ठळक अक्षरांत घेतले आहे.