'मिडलंड्स'ला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती: लेस्टरला, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या 'मिडलंड्स' भागात, राहून सहा वर्षं झाली. आईला पत्रात लिहिलं की आम्ही मध्य इंग्लंडात राहतो, तर तिचा फोनवर पहिला प्रश्न, म्हणजे लंडनच्या जवळच ना? मग जाणवलं की 'मध्य' म्हटलं की आपल्याला राजधानी, मुख्य भाग असं काहीतरी वाटतं. मिडलंड्समधे तसलं काहीच नाहीये. चांगला शब्द सुचवा ना.

प्रतिसाद १: मध्यदेश?

प्रतिसाद २: मध्यदेश नको. संस्कृतात तो हिमालय आणि विंध्याच्या मधला प्रदेश, त्याला स्वतःचा इतिहास आहे. त्यापेक्षा आपला 'देश' बघा, कोकणातली माणसं 'देशावर' म्हणतात तो. समुद्रापासून आत, घाटाच्या वर. अख्ख्या ब्रिटनमधे समुद्रापासून सगळ्यात लांबची जागा तिकडेच आहे, डार्बीशरमधे कोटन-इन-द-एल्म्स गावाजवळ, किनारा साधारण ११३ किमी.

धागाकर्ती: आवडला, पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे सरकारी ईस्ट मिडलंड्समधे लिंकनशर पण येतं आणि त्याला चांगला लांबलचक समुद्रकिनारा आहे, स्केग्नेस वगैरे. दुसरी मोठी, देश हा शब्द कोकणाच्या समोर उभा राहतो, आणि मिडलंड्स समुद्राच्या समोर नाही तर नॉर्थ आणि साउथच्या मधे आहे. लंडनवाले आम्हाला नॉर्थ समजतात, यॉर्कशरवाले साउथ म्हणतात, आणि इथले लोक दोन्ही ऐकून मनापासून वैतागतात.

प्रतिसाद ३: जुनं नाव बघा की, मर्सिया! अँग्लो-सॅक्सन राज्य होतं. मूळ अर्थ 'सीमेवरचे लोक'. म्हणजे आज ज्याला मधला भाग म्हणतात त्याचं नाव एके काळी सीमाभाग होतं, मला हे फार सुंदर वाटतं. पुढे पूर्वेकडचा भाग डेन (डेन्मार्ककडून आलेल्या) लोकांनी घेतला, डार्बी, लेस्टर, लिंकन, नॉटिंगहॅम, स्टॅमफर्ड ही त्यांची पाच ठाणी. लेस्टरच्या आसपास '-बी'ने संपणारी गावं बघा, ओडबी, ग्रोबी. ते 'बी' म्हणजे डेन लोकांच्या भाषेत गाव. लेस्टरशर आणि वॉरिकशरची हद्द आजही बरीचशी वॉटलिंग स्ट्रीट या, डेन भागाची जुनी सीमा मानल्या जाणाऱ्या, रोमन रस्त्यावरून जाते.

प्रतिसाद ४: आणि 'मिडलंडर' अशी ओळख कोण सांगतं हो? मी वुल्व्हरहॅम्प्टनला नोकरी केलीय, तिकडे माणूस 'ब्लॅक कंट्री'चा असतो. डडली, टिप्टन, वॉल्सॉल. जमिनीखाली कोळशाचा तीस फूट जाडीचा थर, वर भट्ट्यांची काजळी, दोन्हींपैकी कशावरून नाव पडलं यावर अजून वाद घालतात. न्यूकोमेन या संशोधकाचं वाफेचं इंजिन १७१२ मधे डडलीजवळच बसवलं. तिकडच्या माणसाला चुकून ब्रमी म्हणालात तर संपलंच, ब्रमी म्हणजे बर्मिंगहॅमचा. १९७४ ला वेस्ट मिडलंड्स काउंटी करून दोघांना एकत्र टाकलं, १९८६ ला तिची कौन्सिल बरखास्त पण झाली, तरी पत्त्यावर नाव राहिलंय. मी ब्लॅक कंट्रीला 'काळा मुलूख' म्हणेन.

धागाकर्ती: मुलूख! हाच शब्द मनात येत नव्हता. मग 'मधला मुलूख' कसा वाटतो? 'मध्य'मधला भारदस्तपणा जातो आणि दोघांच्या मधे असल्याचं कळतं.

प्रतिसाद २: छान आहे. पत्रात आधी मिडलंड्सच ठेवा, पुढे एकदा मधला मुलूख.

धागाकर्ती: तसंच करते. कालचंच सांगते, कॉव्हेन्ट्रीला गेले होते, बेकरीत सवयीने 'कॉब' मागितला, काउंटरवरच्या बाई हसून म्हणाल्या इथे त्याला 'बॅच' म्हणतात. तोच गोल पाव, लेस्टरहून जेमतेम चाळीस किमीवर. पोळी की चपाती यावर आपल्याकडे जेवढा जीव जातो तेवढाच इकडे यावर जातो. येताना बसमधून उतरले तर लेस्टरच्या ड्रायव्हरने 'टा, मी डक' (आभार मानायची इथली प्रेमळ बोली) म्हटलं, आणि खरं सांगते, घरी आल्यासारखं वाटलं. ह्या 'डक'ला मात्र मराठी शब्द शोधू नका कोणी, आईला तो आहे तसाच सांगणार आहे.